बंड्याला सिरम मिळालं नाही : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, अंगणवाडी सेविका आहे, एकवीस वर्षं झाली. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की उद्या तिथल्या एकट्या डॉक्टरला नोटीस जाईल आणि विषय संपला असं ठरेल. त्या डॉक्टरची चूक नाहीये हे आधीच सांगते. अर्ज लिहायची सवय आहे, असं पत्र लिहायची नाही, तेव्हा काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं ही विनंती.

आमचा बंड्या गेला त्याला आज आठ दिवस झाले. कुत्रा होता, गावठीच, साडेपाच वर्षांचा. सासूबाईंनी चुलीजवळ ठेवून वाढवलेला.

शनिवारी संध्याकाळी भात झोडून आम्ही दमून बसलो होतो. सासूबाई पडवीतल्या ढिगातून लाकडं काढायला उठल्या आणि बंड्या नेहमीसारखा त्यांच्या पुढे गेला. त्याने ढिगात तोंड घातलं आणि एकदम कळवळला. कुकरची वाफ सुटल्यासारखा तो फुत्कार मला आत स्वयंपाकघरात ऐकू आला, आमच्याकडे लहान पोराला पण तो आवाज कळतो. घोणस. नाकाच्या बाजूला दोन टिपके, अर्ध्या तासात तोंड दुप्पट झालं, एक डोळा मिटला. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांचा हात त्याच ढिगात जाणार होता. यापुढचं मला लिहवत नाही.

डॉक्टरांना फोन लावला, रेंज नव्हती म्हणून खळ्यात जाऊन लावला. त्यांच्याकडे तीन दवाखान्यांचा चार्ज आहे, त्या रात्री ते दुसऱ्या टोकाला एका म्हशीच्या अडलेल्या बाळंतपणाला होते. तरी फोन उचलला. म्हणाले, ताई आधी गळ्यातला पट्टा काढा, सूज मानेवर उतरेल, दोरी बांधू नका, चालवू नका, उचलून न्या. पण कुठे न्या हे त्यांना सांगता येईना. दवाखान्यात सर्पदंशाचं सिरम नाही, मागणी पाठवलीय. मी विचारलं कधी पाठवली, तर गप्प झाले. मग जनावरांच्या गाडीच्या हेल्पलाइनला लावला, तिकडून सांगितलं नोंद घेतली आहे, गाडी सकाळी येईल. घोणशीचं विष सकाळपर्यंत थांबतं का हो?

पुतण्याच्या बाईकवर मध्ये गोणपाटात बंड्याला धरून आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या फ्रिजमध्ये सिरम आहे हे मला माहीत आहे, लसीकरणाच्या दिवशी मी त्याच फ्रिजसमोर पोरं घेऊन उभी असते. सिस्टर माझ्या ओळखीच्या. त्यांचे डोळे भरले पण हात पुढे झाला नाही. एकेक कुपीला पेशंटचं नाव लिहावं लागतं, आणि रात्री कोणी माणूस आला तर? त्यांचं बरोबर आहे. माणसाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, ते सिरम माणसासाठीच राहिलं पाहिजे, मी स्वतः तेच म्हणेन. माझा प्रश्न वेगळा आहे. माणसाच्या दवाखान्यात जे फ्रिजमध्ये असतं ते जनावरांच्या दवाखान्यात का नसतं? हे सिरम बनतं कसं ते तुमच्या खात्याला तरी माहीत असणार. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि त्याच्या रक्तातून ते काढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषांवर एकच औषध, आणि आपल्याच राज्यात हाफकिन या सरकारी संस्थेत ते बनत आलंय. म्हणजे जनावराच्या रक्तावर आम्ही माणसं वाचतो आणि जनावराला ते मिळत नाही.

तालुक्याच्या मेडिकलवाल्याला घरून उठवलं, त्याच्याकडे दोन कुप्या निघाल्या. त्या द्यायच्या कुणी? डॉक्टर म्हैस मोकळी करून रात्री साडेबाराला घरी आले, स्वतःच्या स्कूटरवर, आणि आमच्या पडवीत टॉर्चच्या उजेडात सलाईन लावून दोन्ही दिल्या. त्यांनी काचेच्या नळीत थोडं रक्त काढून ठेवलं, वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नाही, म्हणजे विष अजून रक्तात काम करत होतं. म्हणाले कोल्हापूरला न्या. चुलत दिरांची गाडी मिळेपर्यंत तीन वाजले, धुक्यातून आंबा घाट चढलो, बंड्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि माझी साडी लघवीतल्या रक्ताने भिजलेली. तिथल्या खाजगी डॉक्टरांनी पहाटे शटर उघडलं, अजून सिरम दिलं, पण म्हणाले आता रक्त चढवावं लागेल आणि कुत्र्यासाठी रक्तपेढी इथे नाही, कुणाचा तरी निरोगी मोठा कुत्रा आणावा लागेल. रविवारी सकाळी परक्या शहरात कुणाचा कुत्रा मागायचा? त्यांनीच फोन करून एक माणूस शोधला, तो आला पण, पण तोवर उशीर झाला होता. सोमवारी सकाळी सव्वासहाला बंड्या गेला. २०२४ च्या जूनमध्ये रतन टाटांना सुद्धा मुंबईत एका कुत्र्यासाठी रक्तदाता हवाय म्हणून सोशल मीडियावर आवाहन करावं लागलं होतं. त्यांच्यासारख्या माणसाला हात पसरावे लागले तिथे माझी काय कथा.

खर्च सगळा धरून साडेअकरा हजार झाला. त्यातले सहा हजार उसने आहेत. मी पैशासाठी लिहीत नाही, पण माझं मानधन किती आणि कधी येतं ते शासनाला माहीत आहे म्हणून आकडा लिहिला.

परवा मी तालुक्याला जाऊन तक्रार द्यायला गेले तर टेबलावरचा माणूस म्हणाला, मॅडम हे खातं पशुधनासाठी आहे, गाईम्हशी, शेळ्या, कोंबड्या. कुत्री-मांजरं म्हणजे हौस. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. मंत्रीमहोदय, २१ वी पशुगणना २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, मग त्या हिवाळ्यात तुमच्या खात्याचा प्रगणक आमच्या दारात आला होता. मोबाईलमध्ये माहिती भरत होता. गाय किती, शेळ्या किती, आणि कुत्रा किती हे पण विचारलं. मी म्हटलं एक. त्याने लिहून घेतला. बंड्या त्याच्या पायाशी बसून शेपूट हलवत होता. म्हणजे मोजताना तो तुमचा होता, गणनेत धरायला हवा होता, आणि औषध द्यायची वेळ आली तेव्हा तो माझी हौस झाला?

आणि हौस कुणाची? रानडुकरं आणि माकडं रात्रभर शेतात असतात, राखणीला कुत्रा नसेल तर आमच्या हातात भात येत नाही. बिबट्याची चाहूल आधी त्याला लागते. मुलगा मुंबईला, नवरा चार वर्षांपूर्वी वारले, रात्री घरात दोन बायका. या घरात बंड्या हौस म्हणून नव्हता. बरं, शहरात कुणी एकटा म्हातारा माणूस मांजर पाळत असेल आणि निव्वळ मायेने पाळत असेल, तर ते आजारी पडल्यावर त्याने काय करायचं? मायेला दवाखाना नको?

कायदा पण बघा. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याचं तिसरं कलम सांगतं की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नीट काळजी घ्यायची आणि त्याला विनाकारण वेदना होऊ द्यायच्या नाहीत. ही जबाबदारी माझ्यावर टाकलीत, मला मान्य आहे. मी ती रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते. पण मी त्याला घेऊन जायचं कुठे, याची जबाबदारी कुणाची?

शिवाय ती गाईम्हशींची गोष्ट पण खरी नाही. श्रावणात आमच्या शेजाऱ्यांची दुभती गाय अशीच साप चावून गेली, तेव्हा पण सिरम नव्हतं. ती तर पशुधन होती ना? तिचं दूध डेअरीला जात होतं. मग ती का गेली? कुत्रा की गाय हा वाद आम्हाला गप्प बसवायला आहे, खरं हे आहे की दवाखान्यात माणूसही नाही आणि औषधही नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात जनावरांच्या दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. मी होते तिथे. गर्दी दिसावी म्हणून आम्हा सेविकांना बोलावलं होतं, एका रंगाच्या साड्या नेसून या असा निरोप होता. माइकवरून सांगितलं, चोवीस तास सेवा, एक्स-रे, ऑपरेशनची सोय, पाळीव प्राण्यांसाठी वेगळी खोली. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की आता बंड्याला काही झालं तर काळजी नाही. एक्स-रे मशीन अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आहे, चालवायला माणूस दिला नाही. पाळीव प्राण्यांच्या खोलीत खुर्च्या आणि जुनी रजिस्टरं आहेत. शनिवारी रात्री त्या इमारतीला कुलूप होतं, बाहेरचा मोठा दिवा मात्र लागलेला होता.

२०२५ साली एमपीएससीने पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांचे सरकारी डॉक्टर, या पदाच्या २,७९५ जागांची जाहिरात काढली. माझ्या मुलाने मोबाईलवर दाखवली. लोक म्हणाले बघा भरती निघाली. मला वाटलं अरे देवा, इतक्या खुर्च्या रिकाम्या ठेवून हे खातं चालत होतं? मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या कॉलेजांतून मुलं-मुली साडेपाच वर्षं शिकून बाहेर पडतात, आणि इथे एका माणसाकडे तीन दवाखाने. तो तरी कुठे कुठे पुरेल? त्यालाच आकडे भरायचे, त्यालाच मीटिंग, त्यालाच लसीकरण, त्यालाच मध्यरात्री माझ्या पडवीत.

मुंबईचं बघते तेव्हा पोटात तुटतं. परळला प्राण्यांचं हॉस्पिटल १८८० च्या दशकात झालं, दिनशॉ पेटिट यांनी बायकोच्या नावाने दान दिलं, आणि १८८६ साली त्याच परळमध्ये व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं पाच मजली हॉस्पिटल झालं, १६५ कोटींचं. चांगलंच झालं, मुक्या जीवांचा दुवा लागेल त्यांना. पण दोन्ही दानातून उभी राहिलेली. मधल्या जवळपास एकशे चाळीस वर्षांत सरकारने घाटाखाली आणि घाटावर गावोगाव काय उभं केलं हे मी तुम्हाला विचारतेय. आमच्या तालुक्याला कोणी शेठ नाही. आमच्याकडे तुम्हीच आहात.

आणि हे फक्त जनावरांचं नाहीच. माझ्या अंगणवाडीची पण इमारत आहे, पाण्याची टाकी आहे, टाकीत पाणी नाही. वजनकाटा दिला तो बिघडला, तरी मुलांची वजनं मोबाईलमध्ये दर महिन्याला भरायचीच. आरोग्य केंद्राला इमारत आहे, डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून बघतोय, पहिलीतली पोरं लग्नाला आली. सगळीकडे भिंती आधी, फीत आधी, फोटो आधी, आणि माणूस शेवटी, किंवा नाहीच. आम्ही सेविका पन्नासेक दिवस संपावर बसलो होतो तेव्हा पण मंचावरून शब्दच दिले होते. एकवीस वर्षं मी या यंत्रणेत आहे, खालच्या पायरीवर, आणि मला कळलंय की खालचा माणूस स्वतःच्या जीवावर ओढतो म्हणून वरचं चालल्यासारखं दिसतं. तो डॉक्टर स्कूटरवरून आला नसता तर बंड्याला दोन कुप्या पण मिळाल्या नसत्या. त्याला पेट्रोलचे पैसे मिळणार नाहीत, उलट एवढ्या रात्री कुत्र्यासाठी कसे गेलात असं कुणी विचारेल.

मागणं मोठं नाही. प्रत्येक तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पावसाळ्याआधी सिरमच्या वीस कुप्या आणि त्या ठेवायला चालू फ्रिज. रात्रीच्या पाळीला एक डॉक्टर, आळीपाळीने तीन तालुके मिळून असला तरी चालेल, फक्त त्याचा नंबर दवाखान्याच्या दारावर लिहा. एक्स-रे चालवणारा माणूस. जनावराच्या दवाखान्यात सिरम नसेल तर आरोग्य केंद्रातून उसनं घेऊन दोन दिवसांत परत भरायचं, असा दोन खात्यांनी मिळून एक कागद काढा, म्हणजे पुढच्या सिस्टरला माझ्यासारखीसमोर रडत उभं राहावं लागणार नाही. आणि कुत्री-मांजरं हा तुमच्या खात्याचा विषय आहे हे एकदा लेखी कळवा, त्या टेबलापर्यंत.

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. काल त्या मला म्हणाल्या, माझ्या वाटणीचं त्याने घेतलं. यावर मी त्यांना काय सांगू?

दुसरा कुत्रा आणा म्हणून लोक सांगतात. मी आणणार नाही, निदान आत्ता नाही. मला भीती वाटते.

भातकापणी अजून दहा-बारा दिवस चालेल. वाडीत सात कुत्री आहेत, तीस-पस्तीस शेळ्या, दोन बैलजोड्या, आणि सगळी उडव्यांच्या, म्हणजे कापलेल्या भाताच्या ढिगांच्या, आसपास फिरतात, जिथे उंदीर आणि उंदरामागे साप. मी काल पुन्हा दवाखान्यात विचारून आले. सिरम अजून आलेलं नाही. बाकीचं सगळं तुमच्या फायलीच्या वेगाने होऊ द्या, पण त्या कुप्या या आठवड्यात पाठवा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, जि. रत्नागिरी