ज्यांची नावं विचारायची राहून गेली

बाबांनी आज शर्टाची बटणं स्वतःच्या हाताने लावली, म्हणून हे लिहायला बसले.

दीड महिन्यापूर्वी त्यांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. रक्त नाही, साधं टेंगूळ. आम्ही विसरूनही गेलो. मग उजवा पाय ओढला जाऊ लागला, बोलताना शब्द अडू लागले. आम्ही म्हणालो, वय झालं. रस्त्यात बाबांचा तोल गेला तेव्हा धावत आलेल्या ताई, तुम्ही मात्र पहिलं विचारलंत, "मध्यंतरी डोक्याला मार लागला होता का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" दोन्हींचं उत्तर हो होतं. "आत्ताच्या आत्ता सीटी स्कॅन करा," म्हणालात.

मेंदूभोवती तीन आवरणं असतात. त्यातल्या सगळ्यांत बाहेरच्या जाड आवरणाखाली, ड्युरा मेटरखाली, रक्त साचलं होतं. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, तिथल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फाटतात. रक्त आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. कवटीला छोटी छिद्रं पाडून ते काढलं.

स्कॅनच्या खोलीत बाबांचा थरथरता हात धरून "आजोबा, झालंच हं" म्हणणारे दादा, रात्रभर दर तासाला त्यांच्या डोळ्यांवर टॉर्च धरून बाहुल्या तपासणाऱ्या सिस्टर, तुमचे मनापासून आभार. आणि ताई, तुम्ही तर आम्हाला गाडीत बसवून निघूनही गेलात. बाबा अजून विचारतात, "ती मुलगी कोण होती गं?"