रिकाम्या सापळ्याची नोंद वाचणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

उन्हाळ्यात बागेत रात्री दिव्याकडे येणारे पतंगकीटक जिवंत धरणारा प्रकाश सापळा लावायचा, पहाटे त्यात ठेवलेल्या अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये बसलेले पतंग मोजायचे आणि बुलबुल टिपायला येण्याआधी त्यांना झुडपात सोडायचे, हा माझा उद्योग आमच्या रामबागेत थट्टेचा विषय आहे. शेजाऱ्यांच्या हसण्याचे मला काही वाटत नाही. परंतु ज्यांचा हा अभ्यासाचाच विषय, अशा एका जाणकारांनी माझ्या वहीत कण्हेरीवरचा हिरवा पतंग आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंग अशी परिचित नावे पाहताच ‘यात दुर्मीळ काय आहे?’ असे विचारून ती मिटून परत केली, ते मात्र लागले.

आपण तीच वही पहिल्या पानापासून वाचलीत. जे पतंग केवळ छायाचित्रावरून खात्रीने ओळखता येत नाहीत, त्यांच्यापुढची जागा मोकळीच राहू द्यावी, हेही सांगितलेत. पण हे पत्र लिहावेसे वाटले ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. मे महिन्यातील ज्या रात्री सापळ्यात एकही पतंग आला नाही, त्या रात्रींची तारीख, तापमान, वारा आणि चंद्र मी लिहून ठेवले होते, आणि आपण खिशातले पेन काढून त्या नोंदी स्वतःच्या वहीत उतरवून घेतल्यात. दिवा पहाटेपर्यंत चालू होता ना, एवढेच मध्ये विचारलेत. चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी होतो, वारा असला की पतंग कमी उडतात. त्यामुळे सापळा रिकामा म्हणजे बागेत पतंग नाहीत, असे होत नाही. शिवाय दिवा लावूनही काही आले नाही की दिवा लावलाच नव्हता, हे वहीवरून कळले नाही, तर पहिल्या पावसानंतर एकदम वाढणाऱ्या संख्येची तुलना कशाशी करायची, हा आपला प्रश्न मी मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवला आहे.

इंदुरात विद्वानांची वाण नाही. समोरच्याचे काम, ते कितीही घरगुती असो, शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचे सौजन्य मात्र क्वचित भेटते, आणि आपल्याला तर त्यात काही विशेष केल्यासारखेही वाटले नाही.

यंदा दिवा आणि सापळ्याची जागा मुद्दाम बदललेली नाही. पाऊस स्थिरावला की वही घेऊन येईन.

आपली कृतज्ञ,
रामबागेतील एक पतंगनिरीक्षक, इंदूर