फायरबॉलच्या रंगाची घाई नको

संपादक महोदय,

पीटर मिल्न यांनी 1962 साली आखलेली फायरबॉल ही दोघांनी चालवायची शर्यतीची शिडाची होडी. 1982 च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच वर्गात सुवर्णपदक जिंकलं. त्या पिढीतली प्लायची होडी दुरुस्त करताना सुतारकाम मन लावून होतं, घाई होते ती रंगाची. ऑक्टोबरात मोसम सुरू होणार म्हणून ऑगस्टमध्येच डबे उघडतात. पावसाळी हवेत प्लाय 18 टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो. ती 12 च्या खाली उतरल्याशिवाय इपॉक्सी, म्हणजे लाकडावर पाणीरोधक थर देणारं दोन भागांचं राळ, लावूच नये. कोंडलेली ओल उन्हात फोड होऊन वर येते, बहुतेकदा सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या कडेला. फोड फोडून पाहा, खालचा प्लाय नखानेही खचतो.

जुना रंग ठेवायचा की काढायचा? नव्या रंगाच्या थिनरची ओली चिंधी त्यावर दहा मिनिटं ठेवा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर लाकडापर्यंत खरवडा. साध्या ऑइल पेंटवर टू-पॅक पॉलियुरेथेन (हार्डनर मिसळून लावायचा रंग) मारलं की खालचा थर उचलून येतो.

इपॉक्सी वाळल्यावर त्यावर अनेकदा मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवावा. नाहीतर पॉलिश पेपर भरतो आणि पुढे रंग पापुद्र्यांनी सुटतो. मग 80, 120, 220 असे पेपर लांब लवचिक पट्टीला लावून तिरके घासा. नुसत्या बोटांनी घासलेल्या तळाला लाटा पडतात. प्रायमरवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा घासलं की खड्डे काळेच राहतात, तिथेच लांबी (पुट्टी) भरा. उगाच सगळीकडे फासू नका, शर्यतीच्या होडीला वजन महागात पडतं. होडीच्या कडा तीन मिलिमीटर गोल कराव्यात, कारण धारेवर रंग टिकत नाही. मागच्या फळीची खालची कड मात्र धारदारच हवी, पाणी तिथून सुटतं. तिला जाड इपॉक्सी द्या.

शेवटचे हात दोघांनी द्यावेत. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने लगेच कोरड्या ब्रशने बुडबुडे मोडायचे. काम दव सुकल्यावर सुरू करून दुपारपर्यंत आटपा, संध्याकाळच्या दमटपणात चकाकी धुरकटते. हार्डनरमधल्या आयसोसायनेट या घातक रसायनापुढे कापडी मास्क कुचकामी आहे, वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचाच मास्क घाला. रंग हाताला कोरडा लागला तरी सात दिवस होडी ट्रॉलीवर ठेवू नका, ट्रॉलीच्या गादीचे ठसे तळावर कायमचे उमटतात.

– शिडाच्या होड्या दुरुस्त करणारे वाचक, मुंबई