अकरा सेकंद

डुलूथ, मिनेसोटा
12 जानेवारी, रात्री

प्रिय बापू,

सात महिन्यांत तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. तू चिडला असशील तर ते बरोबरच आहे. मी ठीक आहे, थंडीत गुडघा धरतो एवढंच. स्मिता आणि पोरं मजेत.

आता जे लिहितोय ते स्मितालाही अर्धंच ठाऊक आहे. तुलाच का सांगतोय, ते पुढे वाचलंस की कळेल.

मशीनचा फोटो बघून तू विचारलं होतंस, "चाकं कुठं विसरलास?" पुढं दोन स्की, मागं रबरी ट्रॅक, चाकांचं काम नाही गड्या. स्नोमोबाइल आहे ती, बर्फावरची गाडी: पोलारिस इंडी 550. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पंख्यानं थंड होणारं इंजिन. कार्ब्युरेटर मिकुनीचे, आपल्या यामाहा आरएक्सला होता त्याच घराण्यातले. गिअर नाहीत, वंदूआत्याच्या किनेटिक होंडासारखा बेल्ट. उणे वीस अंशांत पहाटे दोरी ओढून ते सुरू केलं की निळा धूर हवेत तसाच लटकून राहतो. त्या वासाला मी शिरोलीत, तुझ्या वर्कशॉपच्या दारात उभा असतो. अगदी रोजच्या रोज.

आणि एक बातमी, हसू नकोस. यामाहानं स्नोमोबाइलचा धंदाच बंद केला, 2025 चं मॉडेल शेवटचं. आता तू म्हणणार, "मी सांगत होतो, येझदीच खरी." अरे, येझदी तर 1996 मध्येच बंद पडली! आणि कात्रज घाटात ढकलत कुणी नेली होती, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

तर. आमचा सातआठ जणांचा गट आहे. शनिवारी सकाळी व्हर्मिलियन तळ्याजवळच्या पेट्रोल पंपावर ट्रेलर लागतात, आणि निघायच्या आधी तासभर सगळी बॉनेटं उघडी. कुणी नवा बेल्ट दाखवतो, कुणी ट्रॅकला ठोकलेले खिळे. एका पोरानं 165 इंची ट्रॅकचं डोंगरातलं मशीन आणलंय. ते दाबून गुळगुळीत केलेल्या वाटेवर तापतं, कारण त्याच्या रेडिएटरवर उडायला भुसभुशीत बर्फच मिळत नाही. त्याला सगळे समजावतात आणि सगळेच एकदा ते चालवून बघतात. इथं कुणी "माझ्या गाडीला हात लावू नको" म्हणत नाही, किल्ली सरळ हातात देतात. तळ्याचं नाव बघ, व्हर्मिलियन म्हणजे शेंदूर. संध्याकाळी बर्फावर खरंच तो रंग उतरतो.

गटात सगळ्यात वयस्क जे आहेत त्यांना मी मनात तात्याच म्हणतो. अगदी आपल्या तात्यांसारखे, बोलणं कमी आणि हातात पाना. त्यांच्याकडे 1970 च्या दशकातली काळी आर्क्टिक कॅट पँथर आहे, सीटवर बिबट्याचे ठिपके. तुझ्यासाठी त्यांच्याकडून एक गोष्ट ऐकून ठेवलीय. इथल्या रोझो गावात शेतीची अवजारं करणारं एक छोटं वर्कशॉप होतं, तुझ्यासारखंच. मालकांपैकी एक, एडगर हेटीन, गावाला गेला असताना बाकीच्यांनी बर्फावर चालणारं यंत्र जुळवलं. आधी तो वैतागला. पुढं 1960 साली त्यानंच अलास्कातून असल्या मशीनवर 1200 मैल काढले. तेच वर्कशॉप म्हणजे पोलारिस. तुझ्या कारागिरांना सांग.

आता मूळ मुद्दा.

नाताळानंतरच्या शनिवारी तात्या म्हणाले, "आज तू पँथर घे, मी तुझं घेतो." बापू, मला इतका आनंद झाला! तात्यांनी खाडीत बर्फ छेदून मोजला, सात इंच, काळाभोर, पारदर्शक. स्नोमोबाइलला एवढा चालतो. मग ते पुढं, मी मागं, माझ्यामागं ते पोरगं. अर्ध्या तासानं एके ठिकाणी बर्फावर पाणी आलेलं दिसलं म्हणून तात्यांनी मशीन काठाकडं वळवलं. तिथं वरून एक ओढा तळ्यात उतरतो. वाहत्या पाण्यावर बर्फ धरत नाही, आणि वर हिम साठलं असेल तर त्या गोधडीखाली तो आणखी पातळ राहतो. हे कोर्समध्ये शिकलोय मी. इथं 1976 नंतर जन्मलेल्याला तो कोर्स केल्याशिवाय चालवता येत नाही. मला सगळं माहीत होतं.

मोठा आवाज झालाच नाही. आपल्या वाड्याचं जुनं फळकूट मोडावं तसा एकच काडकन, आणि माझं मशीन मागच्या अंगानं खाली गेलं. हेडलाइट विझायच्या आधी क्षणभर पाण्यात हिरवा दिसला. तात्या बाजूला पडले.

आणि मी उभा राहिलो.

म्हणजे पँथर थांबवली, आणि दोन्ही हात हँडलवर तसेच. इंजिन चालू. बिबट्याच्या सीटवर बसून मी बघत राहिलो. मागच्या पोराच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्यानं मला ते दाखवलं, चांगल्या मनानंच, "बघ तू कसा सरपटत गेलास." मी गेलो, ते खरं आहे. पोटावर आडवा झालो, दोरी फेकली. तात्या गळ्यात अडकवलेल्या, बर्फात रुतवायच्या टोच्यांवर जवळजवळ स्वतःच वर आले होते, जिकडून आले होते त्याच दिशेला तोंड करून, पाय मारत. शेवटचं ओढायला माझी दोरी लागली. पण त्याआधीची जी चित्रफीत आहे, ती मी घरी येऊन घड्याळ लावून पाहिली. अकरा सेकंद.

तुला कळलं ना मी कुठं पोचलो ते?

पंचगंगेचा घाट. तिसरी पायरी. दिग्या. तू शर्टसुद्धा काढला नव्हतास. तीस वर्षं झाली, आपण दोघं त्यावर एकदाही बोललो नाही. बोललास ते फक्त वर्कशॉपच्या भागीदारीवरून भांडलो तेव्हा. "तू काठावरचा माणूस आहेस." पैशांचं मी केव्हाच विसरलो, व्याजाचा हिशोब तुझाच बरोबर होता हे आज लिहूनही देतो. ते वाक्य मात्र राहिलं. दोन वर्षं फोन केला नाही तो त्या वाक्यापायी.

त्या रात्री केबिनमध्ये तात्या शेगडीपाशी घोंगडं पांघरून बसले होते. त्यांना मी सांगून टाकलं, मी थांबलो होतो. ते म्हणाले, "गार पाण्यात पहिलं एक मिनिट नुसता श्वास सांभाळायचा. मग दहा मिनिटं हातपाय चालतात. शुद्ध जायला तास लागतो. तुझी दोरी पहिल्या अकरा सेकंदांत आली असती तरी मला धरता आली नसती." हे खरं आहे, इथं सगळ्यांना शिकवतात. त्यांनी मला कॉफी दिली आणि विषय संपवला. त्यांच्यापुरता संपला असेल. त्या अकरा सेकंदांत तात्यांना श्वास घेता येत नव्हता, आणि मला माहीत होतं काय करायचं ते, आणि मी केलं नाही. स्मिताला मी "तात्या पडले, आम्ही काढलं" इतकंच सांगितलंय. ती आधीच म्हणते, विकून टाक ते. विकायला हरकत नाही. पण घाबरून विकलं, की पुन्हा तीच पायरी.

माझं मशीन पाणबुड्यांनी चार दिवसांनी काढलं. इंजिन उघडलंय, सिलिंडर वाळवून तेल ओतून ठेवलेत. तोवर पँथर माझ्याकडंच ठेवायला तात्यांनी सांगितलीय. ती गॅरेजमध्ये उभी आहे. रोज जाऊन कापडानं सीट पुसतो, सुरू करत नाही.

बरं, तुझं सांग. रेवाची बारावी यंदा ना? तिला म्हणावं, गणिताला घाबरू नकोस, बाप घाबरला तरी चालेल. आपल्या तात्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नवीन लेथ आलं का, की बँकेत अजून चपला झिजवतोयस? वहिनींना नमस्कार सांग. लोणच्याच्या बरण्या पोचल्या, एकही फोडली नाही विमानवाल्यांनी.

एकच विचारायचंय, आणि फोनवर मला जमणार नाही म्हणून लिहितोय. दिग्याच्या वेळी तू उडी मारायच्या आधी थांबला होतास का? मला तू थांबलेला आठवत नाहीस. पण मी तेव्हा पाण्याकडं बघत होतो, तुझ्याकडं नाही. थांबला असशील तर किती, ते लिही. नसशील थांबला, तर तसं लिही. मला खरंच हवंय.

शनिवारी इथल्या तात्यांनी पुन्हा बोलावलंय. त्याच तळ्यावर.

तुझा,
सुन्या