टेस्टट्यूबमधलं पांढरं

स्टॉकहोम

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर तू विचारलंस, "दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत बसून बघतेस तरी काय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

नंदू पाच वर्षांचा होता. सकाळी उठला की त्याचे डोळे सुजलेले असायचे. तू त्याची लघवी टेस्टट्यूबमध्ये तापवायचीस. ती दह्यासारखी फुटली की वहीत तीन प्लस मांडायचीस आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाहीस. ते पांढरं म्हणजे रक्तातलं प्रोटीन. ते जिथून गळतं, ती जागा मी बघते आई.

किडनीच्या गाळणीवर पोडोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांचे इवले पाय एकमेकांत गुंफलेले, हाताची बोटं गुंफावीत तसे. मधली फट साधारण 40 नॅनोमीटर (आपला केस 80,000च्या आसपास!) आणि त्या फटीत नेफ्रिन नावाच्या प्रोटीनची जाळी. दिवसाला 180 लिटर पाणी यातून गाळलं जातं.

साध्या मायक्रोस्कोपला 200 नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही, हे एर्न्स्ट ॲबे या जर्मन शास्त्रज्ञानं 1873 सालीच सांगितलं होतं. म्हणून तर नंदूच्या आजाराचं नाव 'मिनिमल चेंज'. काचेखाली सगळं ठीकच दिसायचं. आमच्या स्टेड मायक्रोस्कोपमध्ये एक लेझर नेफ्रिनला लावलेला रंग उजळवतो, दुसरा कड्यासारखा येऊन भोवतालचा उजेड विझवतो. उरतो मधला बारीक ठिपका. स्टेफान हेल यांना यासाठीच 2014चं नोबेल मिळालं.

निरोगी गाळणीवर नेफ्रिनची रेघ दाट नागमोडी जाते. गेल्या आठवड्यात एका आजारी मुलाच्या किडनीचा तुकडा आला, नाव नाही, नुसता नंबर. पाय पसरून चपटे झालेले, रेघेची वळणं गेलेली. मला नंदूचा सुजलेला चेहराच दिसला. पण औषध लागू पडलं की हे पाय पुन्हा उभे राहतात. तुझ्या वहीत 'निल' यायला लागलं, तेव्हा आत हेच घडत होतं.

आणखी एक. गरोदरपणात तू काहीबाही खाल्लंस म्हणून असं झालं, हे लोकांचं बोलणं तू मनात ठेवलंयस. काढून टाक. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा अनेक मुलांच्या रक्तात नेफ्रिनवरच उलटणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं.

ती वही जपून ठेव. दिवाळीत आले की मला बघायचीय.

तुझी,
मनू