मंत्रिमहोदय, ‘नाही’ म्हणायला सात वर्षे का लागावीत?

प्रति,
माननीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : एकस्व (पेटंट) अधिनियम, १९७० चे कलम ३(के) आणि त्याखाली फेटाळला गेलेला माझा अर्ज

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी मला एक ई-मेल आला. जून २०१८ मध्ये मी दाखल केलेला पेटंटचा अर्ज फेटाळल्याचा अकरा पानी आदेश त्यासोबत होता. तो कोणत्या शहरातल्या कार्यालयाने काढला आणि खाली कोणाची सही आहे, हे मी येथे मुद्दामच लिहीत नाही, कारण माझे गाऱ्हाणे एका टेबलापुरते नाही. यापूर्वी याच विषयावर मी दोन पत्रे पाठवली आणि तक्रार-पोर्टलवर एक नोंद केली. पत्रांना उत्तर आले नाही आणि तक्रार ‘निकाली’ निघाली, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझा व्यवसाय आपणास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. संगमनेरमध्ये माझी सहा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि दूध संकलन केंद्रे हे आमचे मुख्य गिऱ्हाईक. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतो, वजनकाटा लिटर सांगतो, यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सांगते, आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. ऐकायला सोपे वाटते. परंतु अकोले तालुक्यात राजूरच्या वर गेलात, की इंटरनेट असते आणि नसते. केंद्रातल्या संगणकाचा सेल उतरला की त्याचे घड्याळ मागे जाते आणि आजचे दूध कित्येक वर्षांपूर्वी घातले गेल्याची नोंद होते. त्यातच डेअरीच्या कार्यालयात दरपत्रक बदललेले असते, केंद्रचालकाने इकडे एखादी चूक हाताने दुरुस्त केलेली असते, आणि दोन दिवसांनी जोडणी आल्यावर एकाच शेतकऱ्याच्या एकाच सकाळच्या दोन निरनिराळ्या नोंदी समोरासमोर उभ्या राहतात. यातली खरी कोणती, हे ठरवण्यासाठी पूर्वी एक कारकून आणि एक भांडण लागत असे.

घड्याळावर विसंबून न राहता घटनांचा क्रम कसा लावता येईल, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली एका निबंधात दाखवले आणि त्यांचे ऋण मी अर्जातच मान्य केले आहे. आम्ही केले ते त्यापुढचे होते. प्रत्येक केंद्राच्या नोंदींची एक साखळी आणि त्या केंद्राने इतरांकडून काय काय पाहिले आहे याचा सारांश आम्ही असा आखडून बसवला, की तो एका एसएमएसच्या १४० बाइट्समध्ये मावतो. जेथे इंटरनेट नाही तेथेही एसएमएस बहुधा जातो. त्या एका संदेशावरून मुख्य सर्व्हरला कळते की नेमक्या कोणत्या नोंदी जुळत नाहीत, आणि मग फक्त तेवढ्याच मागवल्या जातात. भांडण संपले, कारकून दुसऱ्या कामाला लागला. हे जमवायला आम्हाला अडीच वर्षे लागली.

महोदय, आदेशात असे म्हटले असते की हे नवीन नाही, अमुक देशात अमुक साली कोणी केले आहे, तर मी एका शब्दाने वाद घातला नसता. परंतु नावीन्य आणि कल्पकता या दोन्हींवर माझी उत्तरे समाधानकारक असल्याचे आदेशातच पान ४ वर नमूद आहे. पान ७ वर मात्र असे म्हटले आहे की या प्रणालीतून अखेर शेतकऱ्याचे बिल तयार होते, सबब ही ‘व्यावसायिक पद्धत’ आहे, आणि शिवाय हा ‘अल्गोरिदम’ही, म्हणजे गणनेच्या पायऱ्यांची नुसती रीत, आहे. बिल निघते म्हणून व्यावसायिक! मग वजनकाट्यानेही बिलच निघते. तो लोखंडाचा आहे म्हणून त्याला पेटंट मिळू शकते आणि माझी गोष्ट तारेतून जाते म्हणून मिळू शकत नाही, इतकाच याचा अर्थ मला लागला.

कलम ३ मध्ये कशाला शोध म्हणायचे नाही याची यादी आहे. त्यातले ३(के) म्हणते की गणितीय किंवा व्यावसायिक पद्धत, संगणक प्रोग्राम ‘पर से’, म्हणजे निव्वळ प्रोग्राम, आणि अल्गोरिदम हे शोध नव्हेत. २००२ च्या दुरुस्तीने हे कलम आले. २००४ च्या अखेरीस सरकारनेच अध्यादेश काढून उद्योगातील तांत्रिक उपयोगासाठी आणि हार्डवेअरसोबतच्या प्रोग्रामसाठी दार किलकिले केले आणि २००५ च्या कायद्यात ते पुन्हा लावून घेतले. ऑगस्ट २०१५ मध्ये संगणकाशी निगडित अर्जांच्या परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती बासनात गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी आली, ज्यांत नवीन हार्डवेअर असलेच पाहिजे असे म्हटले होते. जून २०१७ मध्ये ती अट गेली. जुलै २०२५ मध्ये आणखी नवी आली. माझा अर्ज ज्या काळात शिजत होता त्या काळात नियमांनी इतक्या कुशी बदलल्या, आणि माझ्या आदेशात उल्लेख आहे तो २०१७ च्या तत्त्वांचाच, २०२५ च्या तत्त्वांचे त्यात नावही नाही.

याची झळ कशी लागते ते सांगतो. २०१६ मध्ये आमच्या पहिल्या वकिलांनी सांगितले की डब्यावाचून गत नाही. म्हणून आम्ही बॅटरी आणि सिमकार्ड बसवलेली एक पेटी सिन्नरच्या एका कारखान्यातून बनवून घेतली, तिची चित्रे काढली, तिच्यावर दावे, म्हणजे कशावर हक्क हवा त्याची कलमे, रचले. २०१७ मध्ये अट गेल्यावर दुसऱ्या वकिलांनी सांगितले की पेटीने उलट नुकसान होईल, काढून टाका. तोपर्यंत अर्धा खर्च होऊन गेला होता, म्हणून ती अर्धीमुर्धी ठेवली. आता आदेश म्हणतो की पेटी सर्वसामान्य आहे. ती सर्वसामान्य आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, साहेब. ती आपल्यासाठी बनवली होती. आज तिच्यावर ऑफिसातला चहाचा ट्रे असतो.

सरकारी शुल्काबद्दल माझी तक्रार नाही. व्यक्तीच्या नावाने केलेल्या अर्जाला १,६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये, दहाच्या वरच्या प्रत्येक दाव्याला ३२० रुपये ही रक्कम कोणालाही परवडेल. न परवडणारे असते ते पुढचे : वकिलांची फी, हरकतींची उत्तरे, सुनावणीची तयारी, पुन्हा दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर तीच तयारी. माझे सारे मिळून चार लाखांच्या घरात गेले असावेत. सगळ्या पावत्या जपलेल्या नाहीत, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे असू शकेल. पहिली सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली झाली. दुसरी सुनावणी नेमकी माझ्या वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी आली. तारीख पुढे मागितली असती तर पुन्हा किती महिने जातील याची धास्ती होती, म्हणून विधी आटोपून, मुंडन केलेल्या डोक्याने मी दुपारी तीन वाजता व्हिडिओवर बसलो आणि एसएमएसच्या १४० बाइट्समध्ये आमचा सारांश कसा मावतो हे पंचवीस मिनिटे समजावून सांगितले. समोरच्या अधिकाऱ्यांनी सौजन्याने विचारले की प्रकृती बरी आहे ना. या साऱ्या प्रकरणात कोठे माणुसकी दिसली असेल तर ती या प्रश्नापुरतीच, आणि तो आदेशात नोंदलेला नाही.

सगळ्यात जास्त डाचते ते वेगळेच आहे. कायद्याप्रमाणे अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे डिसेंबर २०१९ पासून आमची अडीच वर्षांची मेहनत, आकृत्यांसह, जगात कोणालाही फुकट वाचता येते. हा सौदा न्याय्य आहे हे मी मान्य करतो : तुम्ही गुपित उघड करा, आम्ही वीस वर्षांचे संरक्षण देऊ. परंतु गुपित उघड करून घ्यायचे, सहा वर्षे बसवून ठेवायचे आणि शेवटी सांगायचे की हा विषय मुळात सौद्यातच नव्हता, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, तो येथे लिहीत नाही. २०२१ मध्ये एका मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीने आमच्याच एका डेअरीला हुबेहूब तीच सोय दाखवली, आणि डेअरी गेली. त्यांनी माझा अर्ज वाचूनच ते केले, असे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसे म्हणतही नाही. वकील म्हणाले, कॉपीराइट आहे ना. आहे, पण कॉपीराइट आमच्या लिहिलेल्या ओळींना आहे. कल्पना तीच ठेवून ओळी नव्याने लिहायला मोठ्या कंपनीला कितीसा वेळ लागतो?

येथे एक कबुली देतो. २०१५ साली त्या पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांना मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आणि लहान कंपन्यांनी विरोध केला, तेव्हा माझे मत त्यांच्या बाजूने होते. प्रत्येक बटणाला पेटंट मिळू लागले तर पहिली मरणार ती आमच्यासारखी सहा माणसांची दुकाने, हे मला आजही पटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली ॲलिस खटल्यात हे दार बरेच ओढून घेतले. आपले सरकार उद्या स्पष्ट म्हणाले की व्यवसायाच्या प्रक्रिया आपोआप चालवणाऱ्या आणि विखुरलेला डेटा जुळवणाऱ्या प्रणालींना या देशात पेटंट नाही म्हणजे नाही, तर मी ते निमूट मान्य करीन, शोध तिजोरीत ठेवीन आणि गिऱ्हाइकाशी गोपनीयतेचा करार करीन. पण आपण तसे म्हणत नाही आणि त्याच्या उलटही म्हणत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले की ‘पर से’ हे शब्द खऱ्याखुऱ्या शोधांना वाचवण्यासाठीच आहेत. त्या गृहस्थांचा अर्ज २००२ सालचा होता आणि मंजुरी २०२० मध्ये मिळाली. वीस वर्षे जगणाऱ्या हक्काला जन्माला यायलाच अठरा वर्षे. त्याच न्यायालयाने मे २०२३ मध्ये ओपनटीव्ही या कंपनीच्या प्रकरणात सांगितले की व्यावसायिक पद्धतींच्या मागे ‘पर से’ नाही, म्हणून ती बंदी पूर्ण आहे. मात्र या वगळणुकींचा फेरविचार व्हायला हवा, असेही ते म्हणाले. संसदेच्या स्थायी समितीनेही जुलै २०२१ मध्ये आपल्या १६१ व्या अहवालात कलम ३(के) पुन्हा तपासा असे सुचवले होते. न्यायालय म्हणते, समिती म्हणते. आपले मंत्रालय नवी मार्गदर्शक तत्त्वे काढते आणि कलम आहे तेथेच राहते.

आणि तरीही भाषणे चालू आहेत. १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या एका वर्षात एक लाखाहून अधिक पेटंटे दिली, प्रत्येक कामकाजाच्या दिवशी २५०, असे आपल्या मंत्रालयाने अभिमानाने जाहीर केले. आठ तासांचा दिवस धरला तर दर दोन मिनिटांना एक पडते. परीक्षक एकटा नसतो, शेकड्यांनी असतात, हे मला समजते, तेव्हा हा हिशेब अन्यायाचा आहे हेही कबूल. पण देशाच्या एका टोकाला दोन मिनिटे आणि संगमनेरच्या टोकाला सात वर्षे, हा हिशेब कोणी लावून दाखवावा. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण ज्याने रचली तो बिचारा फारच आशावादी होता. परदेशी पाहुण्यांना आपण यूपीआय दाखवता, आणि दाखवावेच, कारण ते आहेच तसे. पण उद्या एखादा पोरगा तसेच काही घेऊन आपल्या दारात आला, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात अचूक जाण्याची नवी तांत्रिक रीत घेऊन, तर पान ७ वरचा तोच परिच्छेद त्यालाही मिळेल : पैसे जातात, सबब व्यवसाय. मोठ्यांचे बरे असते. ते दहा देशांत दहा अर्ज करतात, एक फेटाळला तर अपील करतात, आणि अपिलाचा खर्च त्यांच्या ताळेबंदात दिसतही नाही. कायदा अस्पष्ट असला की तो ज्याच्याकडे वकील आहे त्याच्या बाजूने स्पष्ट होतो, हे मी सात वर्षांत शिकलो. याला शिक्षण म्हणावे तर फी फार झाली.

माझ्या मागण्या खरे तर पत्राच्या सुरुवातीलाच यायला हव्या होत्या. एक, संगणकाशी निगडित अर्ज कलम ३(के) मध्ये सरळ अडकत असेल, तर ते प्रसिद्धीच्या पुरेसे आधी अर्जदाराला लेखी सांगावे, म्हणजे तो अर्ज मागे घेऊन आपले गुपित जपू शकेल. दोन, ‘व्यावसायिक पद्धत’ म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात करावी, दर काही वर्षांनी बदलणाऱ्या तत्त्वांत नव्हे. तीन, ज्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी झाली त्यानेच आदेश द्यावा.

अपिलाला तीन महिन्यांची मुदत आहे. पूर्वी त्यासाठी अपील मंडळ होते. ते २०२१ मध्ये बंद झाले आणि आता उच्च न्यायालयात जावे लागते. वकिलांनी अंदाजे खर्च सांगितला आहे. तो ऐकून पत्नीने काहीच म्हटले नाही, फक्त ताट वाढले. अपील करायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही.

एक शेवटची विनंती, तीन मागण्यांच्या बाहेरची. आदेशाच्या पान ९ वर एक परिच्छेद आहे, ज्यात अर्जदाराचा शोध ‘दुकानात खरेदी करणाऱ्या ग्राहकाला बक्षीस गुण देण्याची पद्धत’ असल्याचे म्हटले आहे. माझ्या अर्जात दुकान नाही, बक्षीस नाही आणि गुणही नाहीत. हा परिच्छेद दुसऱ्या कोणाचा तरी आहे. तेव्हा त्या गृहस्थांच्या आदेशात अकोले तालुक्यातल्या दुधावरचा माझा परिच्छेद गेला असण्याची दाट शक्यता आहे. तो शोधून मला पाठवावा; त्यात कदाचित काही अनुकूल लिहिलेले असेल.

आपला,
एक अर्जदार
संगमनेर, जि. अहिल्यानगर