मोलिनाबाईंच्या लेखात ते इस्पितळ कुठे आहे?

मा. संपादक महोदय,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या पुढारी ग्लोरिया मोलिना यांच्यावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण हे नाव मराठी वर्तमानपत्रात कधी दिसेल असे वाटले नव्हते. दुसऱ्यांदा शोधत वाचला. जे शोधत होते ते सापडले नाही, म्हणून आज हे पत्र.

लेखात बाईंची सगळी पदे आहेत. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत निवडून गेलेल्या पहिल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या बाई. १९८७ साली लॉस एंजलिसच्या नगर परिषदेत पहिल्या. १९९१ साली काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, पर्यवेक्षक मंडळावर पहिल्या. दहा भावंडांत थोरल्या, वडील मजूर, हेही आहे. पण या बाईंनी उमेदीच्या वयात काय केले, याबद्दल एकच वाक्य: 'समाजकार्याची आवड होती.' महोदय, त्याला आवड म्हणत नाहीत.

लॉस एंजलिस काउंटीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात १९७० च्या आगेमागे बाळंतपणाला आलेल्या मेक्सिकन बायकांची नसबंदी होत होती. बाई कळांनी तळमळत असताना तिच्यापुढे कागद धरायचा. कागद इंग्रजीत, बाई स्पॅनिश बोलणारी. सही झाली की सिझेरियनसोबत तेही उरकायचे. आपले काय झाले हे काहींना पुढे कित्येक दिवस कळलेच नाही. तिथल्याच एका तरुण डॉक्टरने नोंदी बाहेर दिल्या आणि १९७५ साली दहा बायकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. कोमिसिओन फेमेनिल ही बायकांची संघटना त्यांच्या बरोबरीने दाव्यात उतरली, आणि मोलिना त्या संघटनेच्या पुढाऱ्यांपैकी एक होत्या. तेव्हा त्या आमदार नव्हत्या, वकिलांच्या कचेरीत सेक्रेटरीचे काम करून पुढे आलेली विशी-पंचविशीतली मुलगी होती. १९७८ साली न्यायाधीशांनी डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. म्हणणे असे की, भाषेमुळे समजण्यात घोटाळा झाला, कुणाचा हेतू वाईट नव्हता. बायका हरल्या, पण त्या लढ्यामुळे संमतीचे कागद स्पॅनिशमध्ये आले आणि सही घेण्याआधी बाईला विचाराला वेळ द्यायचा नियम पाळला जाऊ लागला.

हे मला एवढे का लागले, ते सांगते.

१९७६ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण जन्मली. मी अकरा वर्षांची होते. वडील सरकारी कचेरीत शिपाई. आणीबाणीचे दिवस होते. कचेरीत कुणी नसबंदीच्या किती 'केसेस' आणल्या याची रोज विचारणा व्हायची. त्याच वर्षी आपल्या विधानसभेने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. असे करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य. (राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. हेही आता कुणाला आठवत नाही.) आईला सरकारी दवाखान्यात नेले, मूल आडवे होते, पोट फाडावे लागले. त्याआधी नर्सने एक कागद पुढे केला. आई चौथी शिकलेली, हरिविजय खणखणीत वाचायची. तिने विचारले, "यात काय लिहिलंय?" उत्तर आले, "सही कर बाई, मूल दगावेल." इंग्रजी मजकुराखाली तिने सुवाच्य मराठीत सही केली.

पुढची चार वर्षे ती वैद्यांकडे जात होती. आजीला नातू हवा होता. आईने सोमवार धरले, गुरुवार धरले, काढे घेतले. आजीचे बोलणे ऐकून घेतले, ते मी इथे लिहीत नाही. शेवटी १९८० साली मामाने तिला पुण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी जुने कागद मागितले. दवाखान्यातून सुटताना दिलेले कार्ड चारही वर्षे आमच्या ट्रंकेतच होते. त्यावर खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत दोन अक्षरे होती: टी. एल. डॉक्टरीणबाईंनी त्या अक्षरांवर बोट ठेवले आणि विचारले, "हे केलंय ते तुम्हाला माहीत नाही?" टी. एल. म्हणजे नसबंदी.

ते कार्ड मी कितीदा पाहिले होते. पाचवीपासून मला इंग्रजी होते, वर्गात माझा पहिला नंबर असायचा. ती दोन अक्षरे मला वाचता येत होती.

येताना एस.टी.त आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. सबंध वाटेत एकच वाक्य बोलली. "मी विचारलं होतं गं."

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे लॉस एंजलिसला गेले होते. नगर परिषदेच्या इमारतीसमोर मोठी बाग आहे, गुलाबी बाके असलेली. मुलगी कामावर गेली की मी तिथे जाऊन बसायची. बागेला मोलिनाबाईंचे नाव आहे. मे २०२३ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या, त्याआधीच काउंटीने नाव द्यायचे ठरवले, म्हणजे त्यांच्या कानावर पडले होते. या कोण म्हणून मुलीला विचारले, तिने वाचनालयातून पुस्तके आणून वाचून दाखवली. ती दाव्यापर्यंत आली तेव्हा मी तिला थांबवले आणि तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तोवर ती तिला ठाऊक नव्हती.

आता पुढचे बघा. १९९१ साली मोलिना काउंटीच्या पाच जणांच्या मंडळावर आल्या. तेव्हा नव्वद लाखांच्या आसपास वस्तीचा कारभार या पाच जणांच्या हाती. आणि काउंटीची इस्पितळे याच मंडळाच्या ताब्यात. ज्या इस्पितळाविरुद्ध त्या बायका कोर्टात गेल्या, तेच आता मोलिनांच्या हाताखाली आले. १९९४ च्या भूकंपात त्याचे नुकसान झाले, नवे बांधायचे ठरले. मोलिना ७५० खाटा मागत होत्या, मंडळाने १९९७ साली ६०० मंजूर केल्या. त्या हरल्या, पण हटल्या नाहीत. २००८ साली नवे इस्पितळ उघडले, ६०० खाटांचेच. गरीब बाईला खाट मिळावी म्हणून त्या भांडल्या, आणि ते इस्पितळ कोणते हे विसरून नव्हे. त्या मंडळावरून २०१४ मध्ये उतरल्या. २०१८ मध्ये त्याच मंडळाने त्या बायकांची माफी मागितली. तुमच्या लेखात दावा नाही, इस्पितळ नाही, माफीही नाही.

१९८२ ची निवडणूकही लेखात एका ओळीत उरकली आहे. पूर्व लॉस एंजलिसमधल्या त्यांच्याच समाजातल्या पुढाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध दुसरा उमेदवार उभा केला होता. त्यांत आर्ट टॉरेस होते, ज्यांच्या कचेरीत मोलिनांनी काम केले होते. मोलिना जिंकल्या, आणि १९९१ मध्ये मंडळाच्या निवडणुकीत खुद्द टॉरेसना हरवले. आमदार असताना त्यांच्या भागात तुरुंग आणायचा सरकारी घाट होता, त्याला त्या नडल्या. डोक्याला पांढरे रुमाल बांधून आया रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या आयांच्या बाजूला त्या उभ्या राहिल्या. तुरुंग झाला नाही.

या सगळ्याला जागा नव्हती, आणि गोधड्यांना सबंध चौकट होती, फोटोसकट. गोधड्यांचे मला वावडे नाही. माझ्या आईने लोकांच्या वाकळा शिवून आमच्या फिया भरल्या. मोलिनांनी आपल्या भागातल्या बायकांचा गोधड्या शिवणारा गट उभा केला, ही मोठी गोष्ट आहे. पण तुम्ही चौकटीला नाव दिलेत 'घरपण जपणारी सिनेटर'. तुमच्या पुरवणीत गेल्या वर्षभरात जेवढ्या पुरुष पुढाऱ्यांवर लेख आले, त्यांतल्या एकाही चौकटीत घरपण नव्हते. मी रद्दी काढून पाहिले, तेव्हाच लिहिते आहे. शिवाय मोलिना सिनेटर कधीच नव्हत्या. त्या विधानसभेत होत्या, राज्याच्या सिनेटमध्ये नव्हत्या.

दुरुस्ती छापाल तेव्हा तो शब्द सुधाराल, ही खात्री आहे. त्याखाली त्या दहा बायकांच्या दाव्याबद्दल चार ओळी तरी छापा. आईचे ते कार्ड माझ्याकडे आहे. हवे असल्यास झेरॉक्स पाठवते.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव-गाव छापू नये.)